बुम्पा पुरायचाय? मडकं विकत घ्यायच्या आधी हे वाचा

दर हिवाळ्यात नागपुरात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात ना, त्यातल्या एका आमा-लाकडून (तिबेटीत आईला आदराने असं म्हणतात) आमच्या घरी माझ्या शाळेपासून स्वेटर येतात, आणि तिच्यामुळेच मी पहिल्यांदा गोठणगावला गेलो. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नोरग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, आपल्याकडे तिला सगळे नुसतं "तिबेटी कॅम्प" म्हणतात. तिथे मी पहिला बुम्पा पाहिला. वीतभर उंच भांडं, गोल पोट, बारीक गळा, तोंडावर पाच रंगांचं कापड आणि लाखेचं सील. मला वाटलं देव्हाऱ्यात ठेवायचं असेल, तर म्हणे नाही, हे जमिनीत जाणार, कायमचं.

त्यानंतर मी तीन बुम्पे भरायला हात लावलाय, त्यातला एक पार वाया घालवला (ते पुढे सांगतो). आता ओळखीतले लोक विचारतात की हे नेमकं कसं करतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

हे आहे काय

तिबेटीत याला साचू बुमतेर म्हणतात. सा म्हणजे जमीन, चू म्हणजे सार, बुम म्हणजे कलश आणि तेर म्हणजे पुरून ठेवलेला ठेवा. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर जमिनीचा कस परत देणारा कलश. विचार असा की आपण जमिनीतून काढतच राहतो, खाणी, बोअर, जंगलतोड, वर युद्धं आणि रक्त, त्याने जमिनीचा कस जातो आणि जमिनीचे जे धनी आहेत (सादाक म्हणतात त्यांना) आणि पाण्यातले लू, म्हणजे आपले नागच, ते दुखावतात, मग पाऊस बिघडतो, रोगराई येते, माणसं भांडतात. म्हणून औषधी, धान्य, रत्नं आणि मंत्र भरून एक कलश जमिनीला परत करायचा. प्रार्थना तोंडाने म्हटली की संपते, ही मातीत राहते आणि तिथून काम करत राहते, अशी श्रद्धा.

एक गल्लत नेहमी होते. ऑनलाइन जे महागडे "वेल्थ वास" विकतात तो यांगबुम, म्हणजे घरात बरकत राहावी म्हणून घरातच ठेवायचा कलश, तो पुरत नाहीत. लूबुम नागांसाठी असतो, तो झऱ्यात किंवा तळ्यात सोडतात. आपण बोलतोय ते जमिनीत पुरायच्या बुम्पाबद्दल, आणि याच्यातून स्वतःला काही मिळवायचं नसतं. हे ज्याला पटत नाही त्याने इथेच थांबलेलं बरं.

आणि हे फक्त तिबेटचं खूळ आहे असं समजू नका. नालासोपाऱ्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात तो स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उघडला, तर आत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्या भोवती आठ बुद्धमूर्ती, आणि करंडकात एकात एक डब्या, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे मानलेले मातीचे तुकडे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे ते सगळं. जपानात तर १००७ साली फुजिवारा नो मिचिनागा नावाच्या बड्या सरदाराने स्वतःच्या हाताने लिहिलेली सूत्रं कांस्याच्या नळीत घालून किनपु पर्वतावर पुरली होती, कशासाठी, तर ५६७ कोटी वर्षांनी मैत्रेय बुद्ध येईल तेव्हा धम्म शिल्लक असावा म्हणून. आपण पाच वर्षांची एफडी करताना दहादा विचार करतो.

बुम्पाचं मोठ्या प्रमाणावरचं काम अलीकडे जोंगसार ख्येन्त्से रिनपोछे या भूतानी लामांनी चालवलं, त्यांचे गुरू दिलगो ख्येन्त्से रिनपोछेंच्या सांगण्यावरून, त्यात सहा हजारांहून जास्त शांतीकलश जगभर पुरायला आणि पाण्यात सोडायला पाठवले गेले.

आता आमच्या घरचं. आम्ही बावीस प्रतिज्ञांचं घर. मी मडकं घेऊन बसलो तेव्हा आई म्हणाली, "बाबासाहेबांनी ज्यातून बाहेर काढलं त्याच्यातच चालला का तू परत?" प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. मी एवढंच ठरवलं की नवस नाही, भीती नाही, मागणं नाही, आणि याने पाऊस पडतो असं कुणाला सांगायचं नाही. तेवढ्यावर आई कापूस वळायला बसली. ज्यांना नाही पटत त्यांनी नका करू, झाड लावा, तेही जमिनीला देणंच आहे.

स्टेप १: लामा आधी, मडकं नंतर

भरलेलं मडकं म्हणजे बुम्पा नव्हे. त्यावर रबने, म्हणजे प्रतिष्ठेचा विधी व्हावा लागतो आणि तो आपण यूट्यूब बघून करायचा नसतो. दोन रस्ते आहेत. एक, गोम्पातूनच (तिबेटी मठातून) तयार, सील केलेला बुम्पा मागायचा आणि आपण फक्त पुरायचा. दुसरा, लामांना विचारून सामान आपण गोळा करायचं आणि भरणं आणि विधी त्यांच्यासमोर. नवीन माणसाला मी पहिलाच रस्ता सांगेन. जाताना खाता न्या (तो पांढरा रेशमी पट्टा), दक्षिणा पाकिटात, आणि "रेट काय" असं विचारू नका, मी विचारलं होतं, आमा-लाने मला कोपर मारलं.

स्टेप २: भांडं

माती, तांबं, पितळ, काहीही चालतं. मला माती आवडते कारण शेवटी मातीतच जायचंय, पण मातीचं भांडं पारखून घ्यावं लागतं. कुंभाराकडे जा, संक्रांतीच्या सुगडापेक्षा थोडं मोठं, पक्कं भाजलेलं, गळा बारीक असलेलं बघा. बोटाने टिचकी मारा, खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे. घरी आणून पाणी भरून रात्रभर ठेवा. थोडं पाझरणारच, पण एकाच जागी ओल दिसली तर ते भांडं घरात दुसऱ्या कामाला वापरा, बुम्पाला नको. मग चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा आणि गरम असतानाच आतून मधमाशीचं मेण वितळवून ब्रशने फिरवा. मेण मातीत मुरतं आणि ओल आत येत नाही. ऑइलपेंट, प्लास्टिकची जर, फेविकॉल, एम-सील यातलं काही नको, शंभर वर्षं मातीत राहणार आहे ते.

स्टेप ३: आत काय जातं

इथे वेळ द्या. मुख्य वस्तू पवित्र असते, एखाद्या थोर लामांच्या वापरातलं कापड, अस्थिधातूचा अंश, बोधगयेची माती, हे गोम्पातूनच मिळतं. बाकीचं आपण जमवायचं आणि गंमत म्हणजे निम्मं सामान स्वयंपाकघरात आणि काष्टौषधीच्या दुकानात मिळतं. तिबेटी वैद्यकात सहा उत्तम औषधी मानतात: जायफळ, लवंग, केशर, वेलची, मोठी वेलची आणि वंशलोचन. वंशलोचन तेवढं जपून घ्या, नकली फार विकतात, खरं बांबूच्या पेरात तयार होतं आणि महाग असतं. सोबत हिरडा घ्याच, भैषज्यगुरू बुद्धाच्या हातात जी फांदी असते ती हिरड्याचीच, औषधांचा राजा म्हणतात त्याला.

धान्य पाच प्रकारचं, जव, गहू, तांदूळ, वाटाणा, तीळ. रत्नं म्हणजे ज्वेलरच्या दुकानातली नव्हेत, गुंजभर सोनं किंवा नुसता वर्ख, चांदीचा छोटा तुकडा, पोवळं, मोती, फिरोजा. ऐपतीप्रमाणे, पण खरं. काचेचा खोटा मोती टाकण्यापेक्षा मोती टाकूच नका. पाच रंगांच्या कापडाच्या चिंध्या नव्हे, नवीन तुकडे. चंदनाचा भुगा, देवदार, धूप.

काय नको: शस्त्र, दारू, मांस, चामडं, चोरीची किंवा भांडणातून आलेली वस्तू. आमच्यातल्या एकाने वाटणीवरून कोर्टात असलेल्या शेताची माती आणली होती, चांगल्या हेतूनेच, लामांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले आधी भावाशी बोल.

आता माझी चूक. पहिल्या वेळी मी तांदूळ घरच्या डब्यातून तसाच घेतला. तात्पुरतं तोंड बांधून भांडं कपाटात ठेवलं, तीन आठवड्यांनी बघतो तर कापडातून सोंडे बाहेर येऊन गळ्यावर फिरतायत. उघडलं, अर्धा तांदूळ पीठ, मंत्राच्या कागदांना बुरशी, केशर गेलं ते गेलंच. वाया गेल्याचं दुःख होतंच, पण लामांना वेगळंच टोचलं, ते म्हणाले सील केलं असतं तर हे सगळे जीव आत कोंडून मेले असते आणि त्याला तू प्रार्थना म्हटला असतास. तेव्हापासून धान्य तीन दिवस उन्हात, पातळ पसरून, निवडून, आणि भरताना वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला मध्ये मध्ये. धान्य भाजू नका हां, भाजलेलं बी मेलेलं असतं, जमिनीला मेलेलं काय द्यायचं.

स्टेप ४: मंत्रांच्या गुंडाळ्या

याला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि खरं साधन हेच आहे. बारीक अक्षरात छापलेले मंत्रांचे कागद गोम्पातून मिळतात, ॐ मणि पद्मे हूँ तर असतोच, आणि स्तूपात ज्या पाच मोठ्या धारणी (लांब मंत्र) घालतात त्याही असतात, उष्णीषविजया, विमलोष्णीष, गुह्यधातु, बोधिगर्भालंकारलक्ष आणि प्रतीत्यसमुत्पादाची. ही शेवटची म्हणजे आपल्या वंदनेतली ओळखीची गाथा, "ये धम्मा हेतुप्पभवा", जी बुद्धांचे शिष्य अस्सजींनी सारिपुत्ताला सांगितली. मातीच्या शिक्क्यांवर हीच गाथा उमटवून स्तूपांत ठेवायचे, जुन्या बौद्ध स्थळांवर असे शिक्के भरपूर सापडतात. मला हे कळलं तेव्हा तिबेटी आणि आपलं हे अंतर एकदम कमी झालं.

कागदावर केशराचं पाणी ब्रशने हलकं फिरवायचं, पूर्ण वाळवायचं. मग पट्ट्या कापायच्या आणि घट्ट गुंडाळायच्या, इतक्या घट्ट की दाबल्यावर विडीसारख्या कडक लागतील. कोणत्या टोकापासून गुंडाळायचं ते परंपरेप्रमाणे बदलतं, तुमच्या लामांचं ऐका. पण प्रत्येक गुंडाळीच्या वरच्या टोकाला लाल ठिपका लावा, म्हणजे मंत्र उलटा उभा राहणार नाही. वरून पिवळं कापड, पिवळा दोरा. कागद जमिनीवर ठेवायचा नाही, ओलांडायचा नाही, थुंकी लावून पट्टी चिकटवायची नाही. गुंडाळताना तोंडाने मंत्र चालू असावा, निदान व्हॉट्सॲप तरी बंद असावं. आम्ही चार जण, साधारण तीनशे गुंडाळ्या, दोन पूर्ण रविवार गेले.

स्टेप ५: भरणं आणि सील

बऱ्याच बुम्पांत मधोमध सोकशिंग असतं, म्हणजे प्राणकाष्ठ, जुनिपर किंवा चंदनाची निमुळती काडी. झाडावर जी बाजू वर होती तीच वर ठेवतात, म्हणून लाकूड तोडतानाच खूण करावी लागते. तिच्याभोवती गुंडाळ्या उभ्या, ठिपका वर, मग औषधी, धान्य, रत्नं, आणि उरलेल्या फटींत चंदनाचा आणि धुपाचा भुगा, काडीने ठासून. पोकळी ठेवायची नाही. भरल्यावर भांडं कानाशी धरून हलवा, खुळखुळ आवाज आला तर अजून भुगा घाला.

मग तोंडाला लाकडी किंवा तांब्याची चकती, त्यावर वितळलेलं मेण आणि लाख, वर पाच रंगांचं कापड पसरून गळ्याला पाच रंगांच्या दोऱ्याने बांधायचं. रबने झाल्यावर हे भांडं उघडायचं नाही. घरात ठेवायची वेळ आली तर उंच, स्वच्छ जागी, बेडरूममध्ये नको. विमानाने नेणार असाल तर मात्र घोळ आहे, एक्स-रेमध्ये धातू आणि दाट भुगा दिसला की उघडा म्हणणारच, आणि परदेशात माती, बिया नेण्यावर कडक नियम असतात. रेल्वेने न्या, मांडीवर.

स्टेप ६: जागा

लोक इथे रोमँटिक होतात, "अजिंठ्याला पुरू", "कान्हेरीला पुरू". अजिबात नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र असतं, तिथे टिकास मारणं म्हणजे वारशाची वाट लावणं, आणि उद्याच्या उत्खननवाल्याला तुमचं २०२० च्या दशकातलं मडकं सापडलं तर त्याचा स्तराचा हिशोब बिघडेल तो वेगळाच. अभयारण्यात, राखीव जंगलात पण परवानगीशिवाय नाही. पिण्याच्या पाण्याच्या तलावातही नाही.

उत्तम म्हणजे मालकाची लेखी नाही तरी तोंडी, स्पष्ट परवानगी असलेली खासगी जमीन, जिथे पुढे नांगर, बोअर, पाया यातलं काही येणार नाही. धुऱ्यावर (बांधावर) पुरू नका, धुरा जेसीबीने कधी सपाट होईल सांगता येत नाही. जुन्या झाडाजवळ, पण खोडापासून दहा-बारा फूट लांब, नाहीतर मुळं तुटतात. भांडणाची, अपघाताची, उजाड झालेली जागा असेल तर तिला जास्त गरज, असं लामा म्हणतात.

काळी माती असेल तर सावध राहा. नागपूर, वर्धा, यवतमाळ पट्ट्यातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, या ओढाताणीत मातीचं भांडं चिरडून जातं. मुरमाड किंवा लाल जमीन निवडा. काळ्याशिवाय पर्याय नसेल तर खड्डा रुंद घ्या आणि भांड्याच्या चारी बाजूंनी वीतभर वाळू-मुरूम भरा, म्हणजे मातीचा जोर त्यात जिरेल. शक्य असेल तिथे तांब्याचा गडवा घ्या.

तळ्यात सोडणारा लूबुम असेल तर एक साधी गोष्ट तपासा. औषधी आणि कागदाने भरलेलं भांडं हलकं होतं आणि तरंगतं. एका ग्रुपचा बुम्पा असाच तळ्याच्या मधोमध डुलत राहिला आणि संध्याकाळी काठावर परत आला. भांड्याने बाहेरून एक लिटर जागा व्यापली तर वजन एक किलोच्या चांगलं वर पाहिजे, तळाला गोटे घाला आणि आधी बादलीत बुडवून बघा, अर्थात सील पक्कं झाल्यावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तिबेटी पुस्तकात नसतं. आपल्याकडे कुणी अनोळखी माणूस शेतात खड्डा करून लाल-पिवळ्या कापडातलं मडकं पुरताना दिसला तर गावाला दोनच गोष्टी सुचतात, करणी नाहीतर गुप्तधन. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे आणि चांगला आहे, तुमचं काम त्यात बसत नाही, पण पोलीस येईपर्यंत लोक जमलेले असतात आणि लोकांना कलम माहीत नसतं. म्हणून दिवसाढवळ्या करा, अमावस्येच्या रात्री तर मुळीच नाही. मालक सोबत उभा पाहिजे. पोलीस पाटलाला आदल्या दिवशी चहा पिता पिता सांगून ठेवा. हळद-कुंकू, लिंबू, बाहुली असलं काही जवळ दिसता कामा नये. आणि सोनं किती घातलं हे कुणालाही बोलू नका, नाहीतर तुमची प्रार्थना आठवड्याच्या आत कुणीतरी उकरेल. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा तर दहा रुपयांच्या वरचा पुरलेला ठेवा सापडला की सरकारला कळवा म्हणतो.

उकरल्यावर काय होतं ते उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवाच्या रत्नांनी दाखवलंच. १८९८ मध्ये स्तूपातून निघालेली, अस्थींसोबत वाहिलेली रत्नं २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावाला लागली होती, भारत सरकारने हरकत घेतली आणि मुंबईच्या गोदरेज ग्रुपच्या मदतीने ती परत आली. कुणीतरी सोडून दिलेली वस्तू, तिच्यावर किंमतीचा टॅग.

स्टेप ७: दिवस

तिबेटी कॅलेंडरमध्ये नागांचे दिवस दिलेले असतात, आणि थंडीत लू झोपलेले असतात असं मानतात म्हणून तेव्हा त्यांना उठवायचं नाही. साग दावा या पवित्र तिबेटी महिन्याची पौर्णिमा, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेच्या आसपासची, सगळ्यात मोठी, पण वैशाखात विदर्भाची जमीन सब्बलीला दाद देत नाही. आम्ही पाऊस उघडल्यावर आश्विनातला दिवस लामांकडून काढून घेतो, माती मऊ असते आणि खड्डा तासाभरात होतो.

स्टेप ८: प्रत्यक्ष पुरणं

सकाळी लवकर. आधी जमिनीच्या धन्याची परवानगी, म्हणजे धूप पेटवून "सांग" (धुराचा नैवेद्य), चहाचं सेरक्येम (पेयाचा नैवेद्य), आणि दूध, दही, लोणी, साखर, मध, गूळ थोडं थोडं. येत नसेल तर त्रिसरण-पंचशील घ्या आणि मराठीत सांगा की इथे खणतोय, कुणाला दुखवायचं नाही. मी मराठीतच सांगतो.

मग तीन फूट खोल खड्डा. वरची काळपट माती एका बाजूला, खालची दुसरीकडे, भरताना त्याच क्रमाने जायला पाहिजे. टिकास जोरात मारू नका, फावड्याने थराथराने काढा आणि गांडूळं, अळ्या दिसल्या की हाताने उचलून ओल्या पानाखाली ठेवा. याला वेळ लागतो, लागू द्या, मागच्या खेपेला एका दहा वर्षांच्या पोराने चाळीस गांडूळं मोजली आणि त्या दिवशी सगळ्यात मन लावून काम त्यानेच केलं.

तळाला चार बोटं वाळू, त्यावर बुम्पा सरळ उभा, दोन्ही हातांनी खाली टेकवायचा, वरून सोडायचा नाही. भोवती आधी वाळू हाताने दाबायची, मग वीतभर मातीनंतरच पायाने दाबायचं, तेही कडेकडेने, बुम्पाच्या डोक्यावर नाही. एक चपटा दगड वर आडवा ठेवला तर पुढे कुणाचं फावडं आधी दगडावर बसेल. माती भरून झाली की पुण्यानुमोदन, सगळ्या जिवांसाठी, ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचं नाव घेऊन.

फोटो, रील, मॅपवरची पिन काही नको. जागा माहीत असणारे लोक जेवढे कमी तेवढं चांगलं, मालक आणि तुम्ही, बास. मालकाला एवढं सांगून ठेवा की कधी चुकून वर आलं तर उघडू नका, धुवा आणि बाजूला परत पुरा.

भरताना मातीचा उंचवटा चार बोटं जास्त ठेवा, पहिल्या पावसात बसते ती. आम्ही ठेवला नव्हता. परत बघायला जाऊ नये म्हणतात, तरी मी पुढच्या जुलैमध्ये एकदा गेलो, वीतभर खड्डा पडून पाणी साचलं होतं आणि त्यात दोन बेडूक बसले होते. ते उठेपर्यंत थांबलो, एक घमेलं मुरूम टाकला आणि त्यानंतर गेलेलो नाही.